मदत हवी आहे : स्लो कुकरमधला मसाल्याचा ॲपलसॉस पाणचट होतोय

मंडळी, आम्ही न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरजवळ राहतो. ऑक्टोबरात बागेत सफरचंदं तोडायला गेलं की अर्ध्या बुशेलची पिशवी घरी येतेच, म्हणजे वीस-बावीस पौंड. नुसती खाऊन किती संपणार? म्हणून ॲपलसॉस, म्हणजे सफरचंदं शिजवून केलेला दाट गर.

मॅकिंटॉश आणि हनीक्रिस्प अशी मिसळ आहे. सालं काढून फोडी केल्या, सहा क्वार्टचा (साडेपाच लिटरच्या आसपास) स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, भरला, वर एक कप पाणी, दालचिनी पूड, लवंग पूड, थोडं जायफळ. लो वर सहा तास झालेत. निम्म्या फोडींचा लगदा झालाय, निम्म्या अजून दाताखाली येतायत आणि वर पाणी तरंगतंय. लवंगेने तर जीभ बधिर होतेय. लेकीला बिनसाखरेचा हवाय, त्यामुळे गोडाखाली काही लपवायची सोय नाही.

हे आता आळवायचं कसं? पुढच्या घाण्याला मसाला कधी घालू? आणि बरण्यांत भरून महिनोन्‌महिने ठेवायचाय. मैत्रीण म्हणते गरम गरम भरून बरणी उलटी ठेवली की झालं. खरंच चालतं का?

खमंगकाकू :
अगं, एक कप पाणी कशाला? सफरचंदात मुळातच ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी. त्यात स्लो कुकरचं झाकण वाफ बाहेर जाऊ देत नाही, झाकणाला जमलेलं पाणी परत आतच गळतं. तळाला लागू नये एवढं पाव कप पुरे. आत्ता हाय वर टाक आणि झाकणाखाली लाकडी डाव आडवा घालून फट ठेव. तास-दीड तासात आळेल. कडेने ढवळत राहा, तिथेच करपतं. तसंच आणखी काही तास आटवत नेलंस तर गडद ॲपल बटर होईल. मला तर तेच जास्त आवडतं.

मसाल्याचं म्हणशील तर पूड नकोच. दालचिनीचा तुकडा आणि दोनच लवंगा फडक्यात बांधून सोड, वास पुरेसा आला की पुरचुंडी काढून टाक. जायफळ अगदी शेवटी किसायचं. या घाण्यात लवंग न घातलेला नवा सॉस मिसळ, दुसरा इलाज नाही.

आडगावचा_आचारी :
फोडी राहतायत त्या हनीक्रिस्पच्या. मॅकिंटॉश आच लागताच विरघळतं, हनीक्रिस्प कचकचीत खाण्यासाठीच बरं. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली आणलेलं हे वाण शिजवायला हट्टी. त्याच्या फोडी अर्ध्या आकाराच्या करा, नाहीतर ते खायला ठेवा आणि सॉस नुसत्या मॅकिंटॉशचा करा.

आणि सालं का काढता हो? बिया आणि मधला कडक भाग तेवढा काढा, सालांसकट शिजवा आणि पुरणयंत्रातून फिरवा. गर खाली, सालं वर. लाल सालीचा गुलाबी रंगही उतरतो. इकडच्या दुकानात फूड मिल म्हणून विकतात ते आपलं पुरणयंत्रच.

दालचिनी_टी :
बरणी उलटी ठेवणं सुरक्षित धरत नाहीत, ते नको. सॉस उकळता हवा, बरण्या गरम, वर अर्धा इंच जागा सोडायची, चमच्याने हवेचे बुडबुडे काढून काठ स्वच्छ पुसायचा. मग बरण्या पूर्ण बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात पाइंटची (साधारण अर्ध्या लिटरची) बरणी १५ मिनिटं, क्वार्टची (साधारण लिटरची) २०. हे १००० फुटांपर्यंतच्या उंचीसाठी. रॉचेस्टर त्याच्या आत बसतं. सफरचंद आंबट असल्यामुळे प्रेशर कॅनर (बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं भांडं) लागत नाही आणि साखर नसली तरी बिघडत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ फ्रीझर. फक्त बरणी काठोकाठ भरू नका, गोठताना सॉस फुगतो.

धागाकर्ती :
झाकणाची युक्ती लागू पडली, डाव आता उभा राहतोय! पुरणयंत्र आईने दिलेलं आहे, माळ्यावरून काढते. जाळी कुठली लावू?

आडगावचा_आचारी :
पुरणाचीच, बारीक. मोठ्या जाळीतून सालांचे तुकडे निसटतात. आणि गरम असतानाच फिरवा, गार झाल्यावर हात भरून येतो.