प्रवासासाठी फुल फ्रेम की छोटा मिररलेस?

लडाखला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या चिपचा कॅमेरा) न्यावा की छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लहान सेन्सरचा) पुरेल, या तुमच्या प्रश्नावर बहुतेकांनी सेन्सरबद्दल लिहिलंय. मी वजनाबद्दल लिहितो. सोनीचा फुल फ्रेम ए७ थ्री ६५० ग्रॅमचा, त्यावर पहिली २४-७० जी मास्टर लेन्स ८८६ ग्रॅमची; म्हणजे दीड किलो गळ्यात. माझा फुजीचा छोटा एक्स-टी३० आणि १८-५५ लेन्स मिळून ७०० ग्रॅमही भरत नाहीत.

याचं महत्त्व मला हरिश्चंद्रगडावर कळलं. पहिल्या खेपेला मित्राचा फुल फ्रेम नेला होता. टोलार खिंडीच्या वर कातळ चढताना दोन्ही हात लागतात, म्हणून कॅमेरा सॅकमध्ये गेला तो थेट वर मंदिरापाशीच निघाला. वाटेतला एकही फोटो नाही, याची हळहळ अजून आहे. पुढच्या वेळी फुजी छातीशी पट्ट्याला अडकवला होता. मध्ये थांबून एका हाताने रेलिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने धुक्यातून वर येणारी माणसं टिपली. केदारेश्वराच्या गुहेत तर लेन्सच्या स्टॅबिलायझेशनच्या (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीच्या) भरवशावर, १/८ सेकंदाच्या संथ शटरला, पाण्यातलं लिंग आणि चारांपैकी उरलेला तो एकच अखंड खांब स्वच्छ आला.

काजवे किंवा आकाशगंगा हाच तुमचा मुख्य विषय असेल तर मात्र फुल फ्रेमच न्या; मोठ्या सेन्सरचा साधारण एका स्टॉपचा (म्हणजे जवळपास दुप्पट प्रकाशाचा) फायदा तिथे दिसतोच.

आणि लडाखच्या थंडीत छोट्या बॅटऱ्या भराभर उतरतात. तीन तरी जवळ असू द्या, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपा.