लॅबचा मापदंड एकच करा, की आधी वजनकाट्याचं बघा?

वेदगंगाकाठ (निपाणी)
माझं रान हद्दीवर. थोडा ऊस इकडच्या कारखान्याला जातो, थोडा पलीकडं महाराष्ट्रात. वाण एकच, 86032, तोडही एकाच आठवड्यातली. उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते, मात्र दोन्हीकडं वेगळा. 2025-26 ला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये, पुढच्या प्रत्येक 0.1 ला 34 रुपये 60 पैसे. दशांश हलला की आमचा पैसा हलतो. सगळ्या लॅबना एकच पद्धत नि बाहेरचा तपासनीस हवा.

लॅबवाला (चिकोडी)
दादा, गल्लत होतेय. उतारा तुमच्या रानाचा नसतो, अख्ख्या कारखान्याचा असतो. शेजाऱ्याचं कोवळं खोडवंही (तोडलेल्या बुडख्याला पुन्हा फुटलेला ऊस) त्यात आलं. आणि पद्धत एकच आहे. साखर तपासणीच्या एकसारख्या पद्धतींसाठी 1897 पासून आंतरराष्ट्रीय आयोग आहे, इकुम्सा. 26 ग्रॅम शुद्ध साखर, 100 मिलिलिटर द्रावण, 200 मिलिमीटरची नळी, 20 अंश तापमान: पोल, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून काढलेलं साखरेचं माप, 100. बेळगावात काय नि पुण्याला मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत काय, हेच. शिवाय उतारा म्हणजे भरलेली पोती भागिले गाळलेला ऊस. त्यात लॅब काय करणार?

वेदगंगाकाठ
पोत्यांचा हिशेब जुना झाला. आता बी हेवी मळी, म्हणजे पुरती साखर न काढलेली मळी, इथेनॉलला जाते. तिच्यातली साखर पोत्यात दिसतच नाही, लॅबच्या कागदावरून उताऱ्यात धरतात. तो कागद कुणी बघितलाय?

खोडवा (अथणी)
तुमचं पोल-बिल ऱ्हाऊ दे. माझी ट्रॉली दीड दिस नंबरात उभी हुती. मोळ्यांना आंबूस वास सुटला. वजन घटलं ते माझंच न्हवं? आधी बाहेरच्या काट्याचं वजन चालवून घ्या म्हणावं, मग नळीत बघा.

लॅबवाला
काट्याचं बरोबर आहे तुमचं. शिळ्या उसानं तर आमचीही पंचाईत होते. त्यात डेक्स्ट्रान नावाचं चिकट द्रव्य तयार होतं, ते प्रकाश साखरेच्याच बाजूला वळवतं, तेही साखरेपेक्षा जास्त. पोल फुगलेला दिसतो, पोती भरत नाहीत, आणि साहेब ओरडतात आमच्यावर.

वेदगंगाकाठ
मग नमुना तीन बाटल्यांत सील करा. एक कारखान्याला, एक आम्हाला, एक बेळगावच्या निजलिंगप्पा साखर संस्थेला.

लॅबवाला
रस दुपारपर्यंत आंबतो हो. तिकडं पोचेतो तपासायला उरणार काय?

वेदगंगाकाठ
आणि मळी?

लॅबवाला
मळी टिकते. मळीचं करा, माझी हरकत नाही.

खोडवा
आन् काट्याचं?