ताप अंगावर काढला अन् घरभर वाटला... तुमचेही अनुभव सांगा

पऱ्हाटीवाली:
काल आमच्या वावरात कापूस वेचाले एक बाई आली, तोंडाले शेला घट्ट बांधून. दुपारी सगळ्या जणी बाभळीखाली शिदोरी सोडून बसल्या, ती मात्र पार धुऱ्यावर जाऊन एकटी बसली. मी हाक मारली, ये ना वं इकडं, तर दुरूनच हात हलवून म्हणे, "रातीपासून आंग तापून राहिलं ताई, तुमच्यात लेकुरवाळ्या बाया हायेत." मी तिले पूर्ण रोजी देऊन घरी पाठवलं, पण रात्री मले काही झोप आली नाही. दहा वर्षांमागचं सगळं वर आलं.

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. महालक्ष्म्या बसल्या होत्या. जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पुरणाची डाळ चुलीवर चढवली अन् एकदम हुडहुडी भरली. सकाळी मी ठणठणीत होती, अंगण सारवलं होतं. तासाभरात टोंगळे, कंबर, पाठ, डोळ्याची बुबुळं सुद्धा दुखाले लागली, अन् कोरडा खोकला. तापाची गोळी घेतली, घाम येऊन ताप उतरला, मले वाटलं झालं बरं. तो गोळीनं दबला होता, गेला नव्हता, हे तेव्हा कोण सांगणार. रात्री परत चढला. नव्या सुनेनं सणात आजारी पडायचं कसं म्हणून कोणाले बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या चिरल्या, पंगत वाढली, आजेसासूले आंबील भरवली, अन् पाणी सगळे एकाच गडव्यानं पेत होते.

दोन दिवसांत सासरे पडले, नणंदेचं पोरगं पडलं, मंग आजी. ७८ वर्षांची. तिले फार ताप नव्हताच, नुसती गुंगी, अन् मी कोण ते ओळखेना, बरगड्या वरखाली होत होत्या. १०८ नं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, न्यूमोनिया निघाला, नऊ दिवस ऑक्सिजन. डॉक्टरनं विचारलं घरात आधी कोण आजारी होतं, तेव्हा मी दाराआड उभी होती. आजी घरी आली पण मंग कधी वावरात गेली नाही. 

कोणाले दोष द्याले नाही लिहून राहिली. साधं पडसं नाही, फ्लू आहे हे तुम्ही कसं ओळखलं, घरच्यांले लागू नये म्हणून काय केलं, ते सांगा.

मोर्शीचा संत्रावाला:
ताई मन भरून आलं. ओळखायचं म्हणाल तर आमच्यात एकच खूण, पडसं आलं की कधी आलं ते सांगता येत नाही, आधी घसा खवखवते मग नाक वाहते मग दोन दिवसांनी वाटते की हो सर्दी झाली. फ्लू आला की घड्याळ पाहून सांगता येते. मी आंबिया बहाराच्या संत्र्याच्या गाडीवर क्रेट चढवत होतो, साडेअकराले, हातातला क्रेट खाली ठेवला तो उचललाच नाही. यंदा संत्र्याले भाव काय चालू आहे कोणाकडं, इथं व्यापारी लय पाडून मागून राहिले

माहेर घाटंजी:
"दाराआड उभी होती" वाचून रडू आलं. तू ही चूक समजू नको बाई, तेव्हा कोणालेच माहीत नसते

आशाताई:
सर्व्हे करून आत्ताच बसली, चहा ठेवलाय तेवढ्यात लिहिते. पऱ्हाटीवाली ताई तुमची एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात घ्या, म्हाताऱ्या माणसांले कधीकधी ताप कमीच येतो, गोंधळल्यासारखं बोलणं नाहीतर गुंगी हेच लक्षण असते, म्हणून ताप नाही तर फ्लू नाही असं म्हणू नका. दुसरं, लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याले देऊ शकतो अन् नंतर पाच ते सात दिवस, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त, लहान लेकरं त्याहून जास्त दिवस. म्हणजे ताईनं सांगितलं असतं तरी एखाद्याले लागलाच असता, तेवढं मनातून काढा. मी माझ्या गावात बायांले सांगते की गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसला तरच बाहेर निघा. गोळीनं उतरलेला ताप मोजायचा नाही. अन् दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर, लघवी कमी, लेकरू दूध ओढत नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप अन् खोकला वाढला तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना. चहा उतू गेला वाटते येते

झेडपीचा मास्तर:
आमच्या शाळेतला अनुभव सांगतो. तिसरीतला एक पोरगा डोकं बाकावर टेकवून बसला होता, हात लावून पाहिला तर चटका. घरी सोडायला गेलो तर कुलूप, आई-बाप दोघंही सोयाबीन सोंगायला. संध्याकाळी आई म्हणाली, सर, घरी ठेवला तर मले रोजी पाडा लागते, अन् शाळेत निदान खिचडी तरी भेटते त्याले. काय बोलणार. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात २६ पैकी ११ हजर. तेव्हापासून मी एक केलं, जूनच्या पालकसभेतच सांगतो की ताप असलेल्या पोराला पाठवू नका, त्याचा पोषण आहार शेजारच्या पोराच्या डब्यात घरी पोचवतो. हे नियमात बसते का मला विचारू नका, पोरगं उपाशी राहत नाही अन् वर्ग वाचतो. खोकला आला तर तळहात नाही, कोपराच्या आत खोकायचं, हे पहिलीची पोरं दोन दिवसांत शिकतात. मोठ्यांनाच जड जाते.

पऱ्हाटीवाली:
सर तुमच्यासारखे मास्तर सगळ्या गावात पाहिजे. रोजीचं खरंच आहे, कालची बाई ताप घेऊन आली ती हौसेनं नाही.

हिंगण्याकडचा:
एक सांगायचं आहे, थोडं विषयाच्या बाहेर आहे पण आमच्या घरी फार महागात पडलं. दरवेळी ताप म्हणजे व्हायरलच असं धरू नका. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरकडं स्क्रब टायफस होता, बाबा गवत कापून आले अन् ताप, डोकं, अंगदुखी सगळं सेम, आम्ही पाच दिवस फ्लू फ्लू म्हणत बसलो. नर्सनं आंघोळीच्या वेळी काखेत काळी खपली पाहिली, बिडीनं पोळल्यासारखी. चिगर नावाचा बारीक किडा चावते त्याची. त्याचं औषध वेगळं असते, वेळेवर सुरू झालं तर माणूस लवकर उठते. बाबा वाचले पण किडनीवर आलं होतं. डेंगूचंही तसंच, तिथं खोकला-नाक फारसं नसते, डोळ्यांमागं दुखते, अंगावर पुरळ येऊ शकते, अन् त्यात ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन मनानं घ्यायचं नाही, रक्त जायची भीती असते. पावसाळ्यात तीन दिवस ताप राहिला की रक्त तपासा, पैसे गेले तरी चालतील

मोर्शीचा संत्रावाला:
हिंगण्याचे भाऊ काखेत पाहाव हे कधी डोक्यातच नव्हतं आलं. आज मायले सांगतो, ती रोज हिरवा चारा कापते

लेकरांची माय:
मी लहानीच्या वेळी सातव्या महिन्यात होती तेव्हा झाला मले. सासू म्हणे गरोदर बाईनं औषध घ्यायचं नसते, काढा पे. सिस्टर घरी आली होती दुसऱ्याच कामासाठी, माझा श्वास पाहून म्हणाली आत्ताच चला. ग्रामीण रुग्णालयात ऑसेलटामिविरच्या, म्हणजे फ्लूच्या औषधाच्या गोळ्या सुरू केल्या, डॉक्टर म्हणे पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्या तर जास्त फायदा, गरोदर बाईले तर थांबायचंच नाही. पोरगी आता दुसरीत आहे. पोटात होती तेव्हा एवढा खोकला की वाटे बाळ हादरून राहिलं असन. कोणाच्या घरी गरोदर सून असन तर काढ्यावर ठेवू नका एवढीच विनंती. हे लिहितानाच उठली ती, बाकी मंग

आशाताई:
लेकरांची माय, तुमच्या त्या सिस्टरले माझा नमस्कार सांगा. फ्लूची लसही गरोदरपणात घेता येते, दरवर्षी नवी घ्या लागते, लागू पडाले दोनेक आठवडे लागतात.

दारव्ह्याचा पोरगा:
२००९ ले मी पुण्यात शिकाले होतो. ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू तिथंच झाला अन् शाळा-कॉलेज बंद झाले, आम्ही पोट्टे मिळेल त्या गाडीनं गावाकडं निघालो. मले ताप-बिप काही नव्हतं पण बाजूच्या सीटवरचा माणूस रात्रभर खोकत होता. मी घरी गेलोच नाही, वावरातल्या कोठ्यात राहिलो सात दिवस. बाबा सकाळ-संध्याकाळ डबा आणून विहिरीच्या काठावर ठेवत अन् मागं सरकून उभे राहत, मग मी पुढं येऊन घ्यायचो. मधी वीस पावलं. तिसऱ्या दिवशी मले खरंच ताप आला. तपासणी केली नाही तेव्हा, काय होतं माहीत नाही, पण घरातल्या एकालाही लागलं नाही. माय रोज धुऱ्यापर्यंत यायची, रडायची अन् जायची. गावातले म्हणत बापानं पोराले वाळीत टाकलं. बाबांनी कोणाले उत्तर दिलं नाही. आज बाबा नाहीत, पण विहिरीच्या काठावर डबा ठेवून मागं सरकणारा तो माणूस मले रोज दिसते

माहेर घाटंजी:
काय बोलू. तुमच्या बाबांले नमस्कार

जुना वर्धेकर:
माझी आजी १९१८ च्या मानमोडीची गोष्ट सांगायची, तिच्या सासूकडून ऐकलेली. तोच फ्लू, आपल्याकडं मानमोडी म्हणत, मान टाकून माणूस पडे म्हणून. एका घरात पाणी द्याले कोणी उभं नव्हतं, सगळे एकाच वेळी बाजेवर. आजीच्या सासूले तिच्या बापानं गोठ्यात झोपवलं होतं, ढोरांच्या बाजूले. तिथं खिडकी नव्हती, भिंतच अर्धी होती, हवा खेळती. ती एकटी वाचली घरातून. गोठ्यामुळं वाचली का नशिबानं, देव जाणे, पण आजी कोणाले ताप आला की पहिलं काम दारं-खिडक्या उघडायची. आताचे लोक आजारी माणसाले गोधडी गुंडाळून बंद खोलीत ठेवतात अन् भेटाले येणारे दहा जण त्याच खोलीत बसतात.

मोर्शीचा संत्रावाला:
भेटाले येणाऱ्यांचं काय करावं हाच तर खरा प्रश्न आहे काका. नाही म्हटलं तर राग, "आम्ही काय परके हाओत का"

माहेर घाटंजी:
आमच्या मायनं त्याच्यावर उपाय काढला. बाबांची बाज तिनं ओसरीत टाकली अन् भेटाले येणाऱ्यांसाठी सतरंजी अंगणात, निंबाखाली. चहा तिथंच. बाबा ओसरीतून बोलायचे, लोक अंगणातून. मान राखला गेला अन् कोणी खोकल्याच्या तोंडी आलं नाही. बाबांचा गडवा, ताटली, दुपट्टा वेगळा, अन् माय त्यांच्याजवळून उठली की साबणानं वीस सेकंद हात, मनात रामरक्षेच्या दोन ओळी म्हणत. एक लांबची काकू रुसली. पोळ्याले आपोआप आली पुरणपोळी घेऊन

दिग्रसची:
सुई नाही मारली तर डॉक्टर नाही चांगला असं म्हणणाऱ्यांचं पण लिहा कोणीतरी. माझा नवरा मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक घेतो, फ्लू विषाणूचा असतो त्याच्यावर ती चालत नाही हे त्याले दहा वेळा सांगून झालं. अन् आंबील कशी करता तुमच्याकडं पऱ्हाटीवाली ताई? माझं माहेर पश्चिमेकडचं आहे, सासूबाई गेल्या, आता विचारू कोणाले. तापात चालते का

पऱ्हाटीवाली:
चालते ना. जवारीचं पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी उकळत्या पाण्यात हळूहळू सोडत ढवळत राहा, गाठी होऊ देऊ नका, मीठ. तापात पातळ करा, तोंडाले चव नसते तेव्हा तेवढीच जाते. आमच्या आजीले फार आवडे.

दिग्रसची:
आजीले सांगितलं होतं का तुम्ही कधी, ताप तुमच्यापासून गेला म्हणून? नाही सांगायचं तर राहू द्या

पऱ्हाटीवाली:
सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर महिन्याभरानं, तिचे पाय दाबत होती तेव्हा. लय वेळ काही बोलली नाही. मंग म्हणे, "त्या दिवशी सगळ्यांले वाढलं तू, तू जेवली होती का माय?"

गाय पान्हावली, दूध काढाले जाते. कालच्या बाईकडं पोरीच्या हातून आंबील पाठवली आहे, दारात ठेवून ये म्हटलं.