शैक्षणिक कर्जाचे दोन हप्ते थकलेत, पूर्ण हप्ता झेपत नाही. काय करता येईल?

नवा_कर्जदार
सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज. बाकी मुद्दल ८ लाख, व्याज १० टक्के (बदलता दर), मुदत अजून १० वर्षं, हप्ता १०,५७२ रुपये. नोकरी गेली आहे, फुटकळ कामांतून महिन्याला ६ हजार निघतात. दोन हप्ते थकले, तिसरा पुढच्या आठवड्यात आहे. वडील सहकर्जदार आहेत. शाखेत विचारलं तर "आधी थकबाकी भरा, मग बघू" असं उत्तर मिळतं. जमेल तेवढे भरत राहिलो तर चालेल का?

हिशेबी
नुसतं "जमेल तेवढं" भरून चालणार नाही. कारण समजून घ्या.

सर्वांत जुना हप्ता ज्या तारखेला चुकला, तिथून दिवस मोजतात. त्यावरून बँक खात्याला एसएमए (थकू लागलेल्या खात्याची इशारा-श्रेणी) लावते: १ ते ३० दिवस एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२. नव्वदच्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक (बोलीभाषेत बुडीत) कर्ज. तुम्ही आत्ता एसएमए-१ मध्ये असाल, म्हणजे हातात साधारण पाच आठवडे आहेत. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते नियमित होत नाही, सगळी थकबाकी शून्यावर आणावी लागते. म्हणून धावपळ करायची ती याच पाच आठवड्यांत.

तुम्ही ६ हजार भरलेत तरी पहिल्या हप्त्याचे ४,५७२ बाकीच राहतात आणि दिवसांची मोजणी त्याच जुन्या तारखेपासून चालू राहते. त्यामुळे नव्वद दिवसांच्या आत सर्वांत जुना हप्ता पूर्ण मिटेल असं बघा. इथे बरेच जण फसतात: काही बँका आलेल्या पैशातून आधी दंड आणि चेक किंवा नॅच (खात्यातून हप्ता आपोआप वजा करण्याची सोय) परत गेल्याचे आकार वळते करतात. मग हप्ता नेमका भरूनही दोनचारशे रुपये कमी पडतात आणि खातं थकीतच दिसतं. भरण्याआधी "आजच्या तारखेला थकबाकी किती, त्यात आकार किती" हे लेखी मागा. १ एप्रिल २०२४ पासून दंडाची रक्कम व्याजदरात मिसळता येत नाही आणि तिच्यावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर हरकत घ्या.

कर्जविभाग
वरचं बरोबर आहे. आता शाखेकडे काय मागायचं ते सांगतो.

"पुनर्रचना करा" (म्हणजे कर्जाच्या अटी बदलून द्या) असं मोघम लिहू नका. रिझर्व्ह बँकेच्या सर्वसाधारण नियमांनुसार अडचणीतल्या कर्जदाराच्या खात्याची पुनर्रचना केली की चांगलं खातंही सहसा लगेच एनपीए वर्गात टाकावं लागतं. शाखा अंग काढून घेते ती त्यामुळेच. त्याऐवजी आपल्या योजनेतलं कलम शोधा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारी किंवा अपुऱ्या कमाईच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोनतीन वेळा हप्तेस्थगिती (काही काळ हप्ते थांबवणं) देण्याची तरतूद आहे. तसंच परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत असू शकते. बँकेने ही योजना कितपत स्वीकारली आहे ते मंजुरीपत्रात आणि बँकेच्या संकेतस्थळावर बघा. (एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्थेच्या कर्जाला ती लागू असेलच असं नाही.)

तुमच्या आकड्यांत: ८ लाखांवर महिन्याचं व्याज सुमारे ६,६६७ रुपये. म्हणजे स्थगितीच्या काळात तुमचे ६ हजार दरमहा येत राहिले तर व्याज जवळजवळ फिटतं आणि बाकी फारशी फुगत नाही. काहीच भरलं नाही तर सहा महिन्यांत ४० हजार वाढतात. त्यामुळे अर्जात स्थगिती मागा आणि त्या काळात व्याजापोटी ६ हजार भरण्याची तयारीही लिहा. मंजुरी मिळायला याची खूप मदत होते.

मुदत १५ वर्षं केली तर हप्ता ८,५९७ होतो, पण एकूण व्याज ४.६९ लाखांवरून ७.४७ लाखांवर जातं. नाइलाज असेल तर जरूर घ्या. कमाई सुधारली की जादा रक्कम भरा, वैयक्तिक बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

अर्जाला जोडा: नोकरी सुटल्याचं पत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा, वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा. सही दोघांची. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी विचारल्याची नोंद कुठेच राहत नाही. हप्ता बदलला तर नॅचचा आदेशही बदलून घ्या, नाहीतर जुनी रक्कम वजा व्हायला जाईल आणि परत गेल्याचा आकार पुन्हा बसेल.

हिशेबी
तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलवर तक्रार करता येते, फुकट. अर्जाची शिक्का मारलेली प्रत लागते ती तिथेच. मात्र तक्रार केल्याने नव्वद दिवसांची मोजणी थांबत नाही.

नवा_कर्जदार
खूप आभार. "तडजोड करून मिटवा" असा फोन आलाय, तो पर्याय कसा आहे? आणि वसुलीवाले वडिलांना फोन करू शकतात का?

कर्जविभाग
वडील सहकर्जदार आहेत, त्यामुळे त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच आणि फोन येऊ शकतो. पण सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांसमोर अपमान यालाही मनाई आहे. वेळ, क्रमांक नोंदवून ठेवा.

तडजोड आत्ता नकोच. सिबिलवर (कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात) दोघांच्याही नावापुढे "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्ज अवघड होतं. खातं एनपीए होऊन बराच काळ गेलाय, उत्पन्नाची आशा नाही, अशा वेळचा तो मार्ग. तेव्हाही बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि अखेरची तारीख आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या हातात कधीच नाही.

हिशेबी
एक राहिलं. वडील जुन्या करप्रणालीत असतील आणि व्याज ते स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून भरत असतील, तर आयकरात ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट त्यांना मिळू शकते. रकमेला मर्यादा नाही, पण फक्त व्याजावर, आणि व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून जास्तीत जास्त ८ वर्षं. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्या.