पीएचडी करताना कॅम्पसवर नेमकी काय मदत मिळते आणि त्यासाठी कुणाचं दार वाजवायचं?

बालाघाटची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यातली, समाजशास्त्रात पीएचडी करतेय, विषय ऊसतोड कामगार बायकांचं आरोग्य. विद्यापीठ महाराष्ट्रातलंच, सरकारी, नाव मुद्दाम लिहीत नाही. कोर्सवर्क झालं, संशोधन सल्लागार समितीपुढे (आरएसी) प्रपोजल मंजूर झालं, आता फिल्डवर्कला निघायचं तर सगळंच अडकलंय.

एक म्हणजे पैसे. मला जेआरएफ आहे, म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) महिन्याला मिळणारी संशोधन फेलोशिप, पण बरेच महिने झाले खात्यावर काही आलेलं नाही. सेक्शनला विचारलं की म्हणतात दिल्लीहून येत नाहीत, दिल्लीला मेल केला तर उत्तर येतं की तुमच्या विद्यापीठाला विचारा. ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे गावी परततात, म्हणजे उसाच्या फडावर जाऊन बायकांशी बोलायचं तर तेवढेच महिने हातात असतात, हा हंगाम गेला की माझं एक वर्ष गेलं. गाडीभाडं, रेकॉर्डर, मुक्काम, हे सगळं मी उसने घेऊन किती दिवस करणार.

दुसरं म्हणजे गाईड. सर माणूस म्हणून वाईट नाहीत पण त्यांच्याकडे प्रशासनाची पदं आहेत, माझ्या प्रबंधाचं लिहिलेलं प्रकरण त्यांच्या टेबलावर तसंच पडून आहे आणि मला मात्र रोज नॅकच्या (विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या) फायली लावायला बोलवतात. नाही म्हणायची हिंमत होत नाही.

तिसरं लिहू की नको असं झालं होतं. झोप लागत नाही. सकाळी उठून लॅपटॉप उघडायचा म्हटलं की छातीत धडधड होते. घरून फोन आला की पहिला प्रश्न कधी संपणार आणि दुसरा लग्नाचा. कॅम्पसवर समुपदेशन केंद्र आहे असं पाटीवर वाचलंय पण तिथे गेलं तर डिपार्टमेंटला कळतं का? आणि गाईडबद्दल कुठे बोललं तर ते कायमचं बिघडणार नाही ना? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज सांगा, कुणाकडे आधी जायचं.

---

फाईल_पुढे_सरकवा

ताई, पैशाचं आधी बघू कारण ते सुटलं की निम्मं डोकं हलकं होतं.

दिल्लीहून येत नाही हे उत्तर अर्धंच आहे. यूजीसीची जेआरएफ कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते आणि त्यासाठी दर महिन्याला विद्यापीठाने तुमच्या नावापुढे कन्फर्मेशन द्यायचं असतं, की ही विद्यार्थिनी हजर आहे, काम चालू आहे, पैसे सोडा. विद्यापीठात एक जण ते भरतो त्याला मेकर म्हणतात, दुसरा तपासून मंजूर करतो तो चेकर. दोघांपैकी एक रजेवर गेला, बदली झाली, किंवा नव्या माणसाला लॉगिनच मिळालं नाही की तो महिना तिथेच थांबतो. तेव्हा "पैसे कधी येणार" असं विचारू नका, "माझं कन्फर्मेशन कुठल्या महिन्यापर्यंत झालंय आणि ते मेकरकडे आहे का चेकरकडे" असं विचारा. प्रश्न असा नेमका विचारला की समोरच्याला स्क्रीन उघडून बघावंच लागतं.

सोबत दोन गोष्टी तपासा. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, आणि तुमची दोन वर्षं पूर्ण होत आली आहेत का. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप होते, पण आपोआप होत नाही, त्यासाठी मूल्यांकन समिती बसते, बाहेरचा तज्ज्ञ लागतो, मग अहवाल अपलोड होतो. हे लांबलं की रक्कम अडकते किंवा जुन्याच दराने येते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० असा दर आहे, म्हणजे फरक चांगला पाच हजाराचा.

आणि कंटिन्जन्सी विसरू नका!! तुमच्या सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं १०,००० आणि पुढे २०,५०० वर्षाला मिळतात, ते संशोधनाच्या खर्चासाठीच असतात, त्यामुळे फिल्डवर्कचं प्रत्येक बिल आणि एसटीचं प्रत्येक तिकीट आत्तापासून पाकिटात घालून ठेवा. वसतिगृहात राहत नसाल तर घरभाडं भत्ताही मिळतो, त्याचा फॉर्म वेगळा असतो आणि तो भरायला कुणी सांगत नाही म्हणून कितीतरी पोरं त्यावर पाणी सोडतात.

इथे वाचणाऱ्या ज्यांना जेआरएफ नाही त्यांच्यासाठी पण लिहितो. अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटके विमुक्त-विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप असतात, जाहिरात आली की मुदत थोडी असते, जातवैधता आणि नोंदणीचं पत्र आधीच तयार ठेवा. या फेलोशिपसाठी पोरापोरींना आझाद मैदानात बसावं लागलंय, तेव्हा कुठे गोष्टी हलल्या. हक्काचे पैसे आहेत, मागायला लाजू नका.

---

कुंदाताई

अगं पोरी, मी एका विद्यापीठात शिकवते, मलाही संशोधक विद्यार्थी आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूनेही सांगू शकते.

गाईडविरुद्ध बोलणं आणि तक्रार करणं या दोन्हीच्या आधी एक पायरी असते ती म्हणजे तुझी आरएसी, संशोधन सल्लागार समिती. २०२२च्या यूजीसी नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला तुला त्यांच्यापुढे सादरीकरण करून प्रगती अहवाल द्यायचाच असतो. तो अहवाल बहुतेक मुलं "काम समाधानकारक" असं लिहून देऊन टाकतात. तू त्यात साध्या भाषेत लिही की अमुक प्रकरण अमुक तारखेला दिलं, अभिप्रायाची वाट बघतेय, आणि फिल्डवर्क ऊस हंगामातच होऊ शकतं म्हणून या महिन्यापर्यंत परवानगीचं पत्र हवं. यात कुणावर आरोप नाही, पण कागदावर आलं की समिती विचारते आणि गाईडलाही वेळ काढावा लागतो. मी स्वतः असे अहवाल आल्यावर सहकाऱ्यांना विचारलंय आणि कुणी राग धरलेला बघितला नाही.

नॅकच्या फायलींचं. त्याच नियमांत आहे की पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं किंवा संशोधन सहाय्याचं काम देता येतं, म्हणजे ट्युटोरियल, लॅब, पेपर तपासणं असलं. रोज फायली लावणं त्यात बसत नाही. सरांना थेट नाही म्हणू नकोस हवं तर, "सर, मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येते, बाकीचे दिवस ट्रान्स्क्रिप्शनला लागतात" असं म्हण. वार ठरवून दिले की माणसं बहुतेक वेळा ऐकतात.

एवढं करूनही हललं नाही तर मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३च्या यूजीसी नियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत असायलाच हवी, तिच्यात किमान एक महिला आणि अनुसूचित जाती-जमाती किंवा ओबीसीतला किमान एक सदस्य असावा लागतो, आणि १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. फेलोशिप अडकणं हेही तिथे नेता येतं बरं का, फक्त गाईडचंच असं नाही.

आणि तुझ्या बाबतीत नाही असं मी धरून चालते, पण वाचणाऱ्या मुलींसाठी लिहिते. कुणी लैंगिक त्रास देत असेल तर ते आरएसीत किंवा विभागप्रमुखांकडे (एचओडी) घेऊन फिरायचं नाही, थेट अंतर्गत समितीकडे जायचं, आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. जातीवरून बोललं जात असेल तर समान संधी केंद्र आणि एससी-एसटी सेल आहे. ही दारं वेगवेगळी आहेत, चुकीच्या दारात उभं राहून वेळ जातो.

अजून एक राहिलंच, मुलींना पीएचडीच्या पूर्ण काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते आणि सहा वर्षांची मुदत नि पुनर्नोंदणीची दोन वर्षं संपल्यावरही वर दोन वर्षं सवलत असते. लग्नाचा विषय निघाला की घरच्यांना हे सांग, लग्न झालं म्हणजे पीएचडी बुडाली असं काही नसतं.

---

निवांत_बोलू

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यासाठी लिहितोय. मी समुपदेशक आहे, काही वर्षं कॉलेजच्या केंद्रात होतो.

डिपार्टमेंटला कळत नाही आणि कळायला नको. तुम्ही बोलता ते गोपनीय असतं, तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच आम्ही दुसऱ्या कुणाला सांगतो, आणि तेही शक्यतो तुम्हाला सांगूनच. पहिल्या भेटीत सुरुवातीलाच विचारा, "माझी नोंद कुठे राहते, कोण बघू शकतं?" हा प्रश्न विचारल्याचं कुणालाही वावगं वाटत नाही, उलट आम्हाला बरं वाटतं की समोरची व्यक्ती मोकळेपणाने विचारतेय. तरीही कॅम्पसवर जायला धाकधूक होत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, २०२२पासून सरकारने चालू केलाय, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लावा, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

आणि धडधड होते म्हणालात तर एकदा विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्ताची तपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉईड बघून घ्या. मेसचं जेवण चुकवणाऱ्या, चहावर दिवस काढणाऱ्या पोरींमध्ये मी हे किती बघितलंय. मनाचं आहे म्हणून शरीराकडे दुर्लक्ष नको. झोप बरेच दिवस अशीच उडालेली राहिली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा असं केंद्रातच सांगा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत अगदी कमी पैशात होतं. कृपा करून फेलोशिप येईपर्यंत थांबू नका, या आठवड्यात जा.

---

पुस्तकांची_धूळ

ग्रंथालयात नोकरी करतो. कुणी हे लिहिलं नाही म्हणून. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन चालू आहे, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना मोफत वाचता येतात. तुमच्या ग्रंथपालांकडून कॅम्पसबाहेरून लॉगिन कसं करायचं ते फिल्डवर जायच्या आधी करून घ्या, मग केजमधून किंवा माजलगावातूनही पेपर उघडतील. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ऊसतोडीवर झालेले जुने प्रबंध शोधा, प्रश्नावली कशी केली ते बघायला फार उपयोगी पडतात. पुण्यात येणं झालं तर गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय चुकवू नका, शेती आणि सहकारावरचं जुनं साहित्य तिथे आहे, जाताना विभागाचं पत्र न्या.

---

ओहायोतून_मिलिंद

इथे अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत रायटिंग सेंटर असतं, ग्रॅज्युएट मुलं आपलं प्रकरण घेऊन जातात आणि तासभर कुणीतरी शेजारी बसून वाचतं. तिकडे तशी सोय नसेल तर डिपार्टमेंटमधल्या दोघीतिघींना धरा, आठवड्यातून एकदा ग्रंथालयात बसा, एकमेकींची चार पानं वाचा, बाकी काही नको. गाईडची वाट बघत प्रकरण पडून राहतं तेव्हा निदान दुसरं कुणीतरी ते वाचलेलं असतं. मी इथे आलो तेव्हा मला वाटायचं मदत मागणं म्हणजे आपण कच्चे आहोत, पण इथली हुशार मुलंच त्या सेंटरमध्ये जास्त दिसतात.

---

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. फाईल दादा, तुमच्या पद्धतीने विचारलं तर सेक्शनमध्ये लगेच स्क्रीन उघडली, कन्फर्मेशन चेकरकडे अडकलंय आणि चेकर बाई बदलून गेल्यात, नव्यांना लॉगिन नाही. समुपदेशन केंद्राची गुरुवारची वेळ घेतलीय. कुंदाताई, आरएसीचा अहवाल लिहायला घेतलाय, पाठवू का तुम्हाला बघायला?

एक अडचण, लॉगिनसाठी अर्ज घेऊन गेले तर क्लार्क म्हणाले ठेवून जा, पोच देत नाही. आता काय करू?

---

कुंदाताई

पाठव की, मेसेजमध्ये टाक, रात्री वाचते.

---

फाईल_पुढे_सरकवा

टेबलावर ठेवून यायचं नाही. अर्जाच्या दोन प्रती करा, सेक्शनमध्ये न देता विद्यापीठाच्या मुख्य आवक-जावक विभागात द्या, तिथे शिक्का आणि आवक क्रमांक मिळतो, दुसऱ्या प्रतीवर घ्या. तिथेही टाळाटाळ झाली तर कुलसचिवांच्या नावाने स्पीड पोस्ट करा आणि तोच अर्ज स्कॅन करून कुलसचिव, विद्यार्थी विकास मंडळ आणि तुमच्या एचओडींना एकाच मेलवर पाठवा. वाट बघूनही उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात "अमुक तारखेच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची माहिती" मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मजकूर जमत नसेल तर इथेच टाका, आपण मिळून नीट करू.