दाहकारक, शोथजनक की आणखी काही?

पाटीपेन्सिल: भाषांतरात अडकलेय. आशय असा: शरीरात वर्षानुवर्षं धुमसणारं इन्फ्लमेशन वाढवणारी प्रथिनं कर्करोगाच्या फैलावाला हातभार लावतात. मी 'दाहकारक प्रथिने' लिहिलं. संपादकांचा शेरा: 'वाचक छातीत जळजळ समजेल.' 'सूज' केलं, तर 'सूज दिसते कुठे?'

जुनी_वही: शोथ! यकृतशोथ, संधिशोथ हे तयार शब्द आहेत. आपणच वापरले नाहीत तर मरणारच.

रानवाट: जगले कधी होते? लोक कावीळ नि संधिवातच म्हणतात. शिवाय शोथ 'श्वि' म्हणजे फुगणे यावरून. आयुर्वेदात पाणी साचून पाय सुजले तरी शोथच. दाहात निदान आग आहे, इन्फ्लमेशनच्या लॅटिन मुळातही तीच. रोमन लेखक सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी लक्षणं सांगितली ती लाली, ऊब, सूज, ठणका. सूज हे चारातलं एक.

नाडीपरीक्षा: जुनाट प्रकारात बरेचदा चारही दिसत नाहीत, रक्तात फक्त सीआरपी, म्हणजे इन्फ्लमेशनची खूण असलेलं प्रथिन, वाढलेलं. इंटरल्युकिन-६ हे निरोप्या प्रथिन यकृताला ते बनवायला लावतं. रुग्णांशी मी इन्फ्लमेशनच म्हणतो, कळतं त्यांना. नावांचं काय घेऊन बसलात, टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) हे प्रथिन बघा. उंदरांतल्या गाठी मारतो म्हणून १९७५ साली त्या अर्थाचं नाव मिळालं. तोच थोडा थोडा पाझरत राहिला की उलटतो: रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं आणि रक्तातून फिरणाऱ्या कर्कपेशींना टेकायला जागा मिळते.

खपली: गुडघ्यावरची खपली मी सारखी काढायचो. आजी हातावर चापट मारून म्हणायची, "चिघळवू नकोस." कर्करोगाचे अभ्यासक ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये अर्बुदाला न भरणारी जखमच म्हटलंय. मग 'चिघळ' का नको? चीक + गळणे, असा माझा अंदाज.

जुनी_वही: अंदाज तुमच्यापाशीच ठेवा. चिघळायला पू लागतो, जंतू लागतात. इथे जंतूंशिवायही चालू असतं.

खपली: संप चिघळतो त्यात कुठला पू?

जुनी_वही: ते लाक्षणिक.

रानवाट: मग दाह तरी काय खराखुरा जाळ आहे?

पाटीपेन्सिल: अहो, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. सध्या 'दाह वाढवणारी प्रथिने' ठेवते.

नाडीपरीक्षा: ठेवा. पण वर कुणीतरी 'अर्बुद' म्हणालं, ते कुणाला कळतं? सरळ 'गाठ' म्हणा.

जुनी_वही: चरबीची गाठ, लसीकेची गाठ आणि अर्बुद एकच का, डॉक्टर?