१८ कॉम्प्युटरवर एकाच आठवड्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’, काय करू? (नाशिकरोड, बजेट २५ हजार)

टायपिंगताई
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला माझा टायपिंग क्लास आहे, मराठी-इंग्रजी ३० आणि ४० च्या बॅच चालतात. सहा-सात महिन्यांपूर्वी एकाकडून १८ जुने ब्रँडेड डेस्कटॉप घेतले, कंपनीतून निघालेले. त्याने विंडोज १० प्रो टाकून दिली आणि म्हणाला व्हॉल्यूम लायसन्स आहे ताई (कंपन्या एकगठ्ठा घेतात ते), लाइफटाइम बघायला नको. बिलावर फक्त मशिनींचे पैसे लिहिलेत. आता या आठवड्यात एकेक करत सगळ्यांवर खाली उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटलंय, वॉलपेपर बदलू देत नाही, आणि तो माणूस फोन उचलत नाही. परीक्षा तोंडावर आहे. बजेट २५ हजार, तेही अठराही मशिनींचं मिळून. काय करू?

सिडकोवाला
ताई एवढं काही नाही, ऑनलाइन ५०० ला विंडोजची की मिळते, म्हणजे ॲक्टिव्हेट करायचा नंबर, मी घेतली, आठ महिने झाले मक्खन चालतंय. १८ गुणिले ५०० म्हणजे ९ हजार, विषय संपला.

गोदाकाठ
सिडकोवाला भाऊ, मीही तेच म्हणायचो. माझी चौदाव्या महिन्यात ब्लॉक झाली. विकणारा म्हणाला दुसरी देतो, तीही दोन महिन्यांत गेली. नंतर कळलं ती कुठल्यातरी कंपनीची मॅक की होती, म्हणजे एकच की ठरावीक वेळाच वापरता येते आणि हा पठ्ठ्या तीच शंभर जणांना विकत होता. की हातात आली म्हणजे लायसन्स आपलं झालं असं नसतं हो.

एमजीरोड_हार्डवेअर
ताई, आधी काही विकत घेऊ नका. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय (slmgr /dli) टाकून बघा. त्यात चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार लिहिलेला असतो, ओईएम (मशीनसोबत आलेलं), रिटेल (सुटं विकत घेतलेलं), व्हॉल्यूम केएमएस क्लायंट नाहीतर व्हॉल्यूम मॅक. माझा अंदाज तुमच्याकडे केएमएस क्लायंट येणार, कारण सगळ्या एकाच आठवड्यात गेल्या.

केएमएसचं असं असतं की मशीन थेट मायक्रोसॉफ्टकडे जातच नाही, ऑफिसच्या नेटवर्कमधे एक होस्ट, म्हणजे परवानगी देणारं मशीन असतं, त्याला विचारते. तो हो म्हणाला की १८० दिवस चालतं. मधे दर ७ दिवसांनी मशीन परत त्याला विचारते आणि होस्ट भेटला की १८० पुन्हा पहिल्यापासून मोजतात, म्हणून कंपनीत बसलेल्या माणसाला हे कधी कळत नाही. तुमच्या मशिनी विकणाऱ्याच्या दुकानात कुठल्यातरी होस्टला लावून उठवल्या, मग तुमच्याकडे आल्या, इथे होस्ट कुठला? १८० दिवस संपले. लाइफटाइम म्हणाला ते सरळ खोटं. मला याचा फार राग येतो, कारण असे लोक दहा मशिनी विकून जातात आणि शिव्या आम्ही दुकानवाले खातो.

अंबड_आयटी
अगदी बरोबर. आमच्या प्लांटला ४०० च्या वर मशिनी आहेत, सगळ्या केएमएसवर, चार वर्षांत एकदाही हात लावावा लागला नाही. नेटवर्कवरचा पोर्ट १६८८ उघडा ठेवायचा, डीएनएसमधे (नेटवर्कच्या पत्त्यांच्या वहीत) होस्टचा रेकॉर्ड असला की क्लायंट आपोआप होस्ट शोधतात. ताईंनी स्वतःचा होस्ट बसवावा, एका जुन्या मशीनवर होतं.

एमजीरोड_हार्डवेअर
सर, ४०० वाल्यांचं गणित १८ वाल्यांना लागू होत नाही. विंडोज क्लायंटसाठी केएमएस होस्टला किमान २५ मशिनींनी विचारावं लागतं, तोवर तो कुणालाच ॲक्टिव्हेट करत नाही, सर्व्हरला ५ चालतात. आणि होस्टची की मिळायला मुळात व्हॉल्यूमचा करार लागतो.

अंबड_आयटी
२५ चं मान्य, आमच्याकडे कधी प्रश्नच आला नाही. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीवरून करा (ऑफिसच्या सगळ्या मशिनी आणि युजर एका सर्व्हरवरून सांभाळतात ती), त्याला आकड्याची अट नाही, विंडोज ८ पासून आहे. डोमेन मात्र लागेल.

जुना_एक्सपी
सगळ्यात बेस्ट एक्सपीचा जमाना होता. व्हॉल्यूमच्या कीला ॲक्टिव्हेशनच नव्हतं, की टाकली की झालं, म्हणूनच ती फुटली आणि घराघरात पोचली. २००५ ला त्यांनी जेन्युइन तपासणी आणली आणि व्हिस्टापासून हे केएमएस-मॅक सुरू झालं. चोरी करणाऱ्यांनी केली, भोगतोय आपण.

पिंपळगाव_द्राक्ष
टायपिंगताई, एक हात जोडून सांगतो, कुणी ‘केएमएस ॲक्टिव्हेटर’, म्हणजे खोटा होस्ट उभा करणारा क्रॅक, पेनड्राइव्हमधे आणून देतो म्हणाला तर क्लासच्या दारातूनच परत पाठवा. आमच्या ऑफिसात एकाने टाकलं, टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतं, तिथेच शंका यायला हवी होती. ऐन सीझनमधे एक्सपोर्टची सगळी कागदं लॉक झाली, पॅकिंग लिस्ट हाताने लिहून कंटेनर काढले. तीन आठवडे झोप नव्हती.

सिडकोवाला
म्हणूनच म्हणतो ५०० ची की घ्या, क्रॅक नको.

लिनक्सप्रेमी
सरळ लिनक्स टाका की, फुकट, ना की ना होस्ट. मी २०११ पासून विंडोज बघितलेली नाही.

टायपिंगताई
दादा, आमचं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि मुलींची बोटं रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारख्या कीबोर्डवर बसलीत.

लिनक्सप्रेमी
रेमिंग्टन कशाला शिकवता अजून? इनस्क्रिप्ट कीबोर्डच शिकवायला हवा.

गोदाकाठ
हा वाद इथे नको भाऊ, परीक्षेत जे लागतं तेच शिकवणार ना त्या.

सिन्नरकर
घड्याळ बघा घड्याळ! आमच्या दोन मशिनी केएमएस घेत नव्हत्या, दोन दिवस डोकं फोडलं, शेवटी कळलं की मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल गेलेला, लाइट गेली की तारीख मागे जायची. होस्ट आणि मशीनच्या वेळेत ४ तासांहून जास्त फरक असला की तो नाकारतो. ३०-४० रुपयांचा सेल.

एमजीरोड_हार्डवेअर
ताईंकडे होस्टच नाही, घड्याळाचा प्रश्न नाही. पण एक महत्त्वाचं राहिलं. मशिनी ब्रँडेड म्हणताय ना, मग ज्या मशिनी विंडोज १० सकट कंपनीतून आल्या असतील त्यांच्या बायोसमधेच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधे, ओईएम की भरलेली असते. विकणाऱ्याने सगळ्यांवर व्हॉल्यूमच्या विंडोजची एकच तयार कॉपी ओतली म्हणून ती झोपून राहिली. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या, त्याच एडिशनची (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) विंडोज नव्याने टाका, नेट लावा, आपोआप ॲक्टिव्हेट होईल. मग एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) टाका. ‘परमनंटली’ आलं तर ठीक, तारीख आली तर परत तेच १८० दिवसांचं दुखणं. आधी एकच मशीन करून बघा, डेटा काढून ठेवून.

जुना_एक्सपी
मागे विंडोज ७ चं स्टिकर असेल तर तीही की चालते, मी कितीदा टाकलीय.

एमजीरोड_हार्डवेअर
चालायची. ७ आणि ८ च्या की वर नवीन विंडोज उठवायचा रस्ता मायक्रोसॉफ्टने २०२३ मधे बंद केला.

अंबड_आयटी
आणखी एक, कुणी स्वस्तात व्हॉल्यूम लायसन्स देतो म्हणालं तरी डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेड असतं, खाली मशीनची स्वतःची प्रो असावी लागते, होम चालत नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्यात पैसे घालूच नका. आम्ही तर सगळ्या बदलल्या. नवीन १८ घ्या, ४० हजाराच्या आसपास चांगलं मशीन येतं.

गोदाकाठ
सर, २५ हजार सगळ्यांचे मिळून लिहिलंय त्यांनी.

टायपिंगताई
अपडेट देते. भाचा आला होता, दोघांनी शनिवार-रविवार बसून अठराही बघितल्या. सगळीकडे केएमएस क्लायंटच होतं, हार्डवेअरवाल्या दादांचं तंतोतंत खरं निघालं, खूप खूप आभार. ११ मशिनी आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरच्या निघाल्या, बायोसमधे प्रोची की होती. थेट विंडोज ११ टाकली, काही न विचारता ॲक्टिव्हेट झाली, ‘परमनंटली’ वाचलं आणि जीव भांड्यात पडला. उरलेल्या ७ चौथ्या जनरेशनच्या, मागे ७ चं स्टिकर.

सिडकोवाला
त्या सातांना ५०० ची की, ३५०० मधे काम.

लिनक्सप्रेमी
सातांवर लिनक्स.

अंबड_आयटी
सात नवीन घ्या.

टायपिंगताई
तिघांचंही ऐकत नाही, रागावू नका. मुलींना मी प्रमाणपत्रासाठी शिकवते, त्यांच्यापुढे चोरीची की लावून बसणार नाही. त्या सात मशिनी बंद करून कोपऱ्यात ठेवल्यात. ११ वर सकाळी साडेसहाची एक बॅच वाढवली, म्हणजे सगळ्यांना रोजचा पूर्ण तास मिळतो. पैशांतून अकराही मशिनींना एसएसडी आणि नवा सेल टाकला, १९ हजारांत बसलं.

सिन्नरकर
सेल टाकला ते फार बरं केलंत.

पिंपळगाव_द्राक्ष
साडेसहाच्या बॅचला जागा आहे का ताई? पुतणी नाशिकरोडला हॉस्टेलवर आहे, तिला मराठी ३० करायचंय.